घाट उतरण्याआधी: इलेक्ट्रिक माउंटन बाइकचे ब्रेक आणि इतर भाग कसे बदलावेत

तळोद्याहून धडगावकडे जाणारा चांदसैली घाट चढताना इलेक्ट्रिक माउंटन बाइकचे कौतुक वाटते आणि उतरताना तिचीच धास्ती वाटते. चढणीवर मोटार आपला भार हलका करते, पण उतारावर त्याच मोटारीचे आणि बॅटरीचे वजन आपल्याला पुढे ढकलत राहते आणि ते सगळे अडवण्याचे काम दोन पातळ पोलादी चकत्यांवर येऊन पडते. माझ्या सायकलला मुळात तारेवर चालणारे डिस्क ब्रेक आणि 160 मिलिमीटरच्या डिस्क होत्या. पहिल्याच घाटात चार-पाच वळणे उतरल्यावर पुढचा लिव्हर हँडलच्या मुठीला जवळजवळ टेकला आणि पॅड, म्हणजे डिस्कला दाबून धरणारे ब्रेकचे तुकडे, करपल्याचा वास येऊ लागला. सायकल कडेला घेतली, तेव्हा सोबतच्या मित्राने डिस्कजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. "भाऊ, हाऊ ते भलता गरम व्हई गया," एवढेच तो म्हणाला. त्यानंतरच्या काही महिन्यांत मी त्या सायकलचे ब्रेक टप्प्याटप्प्याने बदलले. त्यात काही पैसे वाया गेले आणि काही कामे दोनदा करावी लागली. पुढील मजकूर त्या अनुभवावर बेतलेला आहे.

आपल्याकडे मिळणाऱ्या आणि खिशाला परवडणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक माउंटन बाइकची मोटार मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात असते, म्हणून मी मुख्यतः त्याच प्रकाराविषयी लिहीत आहे. मोटार पेडलपाशी असलेल्या महागड्या सायकलींना ब्रेकच्या यांत्रिक भागाबाबत बहुतेक सगळे लागू पडते, मात्र वायरिंगच्या बाबतीत त्या वेगळ्या असतात.

उष्णतेचा हिशेब

सायकल 25 किलो, चालवणारा 75 किलो आणि पाणी, हत्यारे व पिशवी मिळून 10 किलो धरले, तर एकूण वजन 110 किलो होते. एवढे वजन 500 मीटर खाली येते तेव्हा सुमारे 540 किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्या उष्णतेत 30 अंशांवरचे पावणेदोन लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. बॅटरीच्या भाषेत सांगायचे, तर ही ऊर्जा 150 वॉट-अवर भरते, म्हणजे 36 व्होल्ट आणि 10 अँपिअर-अवरच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीतील साठ्याच्या सुमारे चाळीस टक्के. मोकळ्या, सरळ उतारावर यातला बराच वाटा हवेचा विरोध खाऊन टाकतो. पण चांदसैली किंवा तोरणमाळच्या सातपायरी घाटासारख्या वळणावळणाच्या रस्त्यावर वेग कमीच ठेवावा लागतो, हवेची मदत नगण्य राहते आणि जवळजवळ सगळी उष्णता डिस्क व पॅडमध्ये जाते. मोटार उतारावर बॅटरी भरून देईल आणि ब्रेकचा भार कमी करेल, अशी अनेकांची समजूत असते. गिअर असलेल्या हब मोटारीत एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो, त्यामुळे उतारावर चाक मोटारीला फिरवतच नाही. तिथून मदतीची आशा ठेवू नये.

डिस्कचा व्यास आणि जाडी, पॅडचा मसाला आणि कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची पकड या तीन गोष्टींवर सगळे अवलंबून आहे. खर्चही आधी याच गोष्टींवर करणे मला योग्य वाटते. पुष्कळ जण पहिला पैसा गिअर बदलणाऱ्या चकचकीत डिरेलरवर किंवा नव्या हँडलवर घालतात, ते मला पटत नाही.

खरेदीपूर्वी सायकलपाशी बसून पाहण्याच्या गोष्टी

बाजारात किंवा ऑनलाइन काही मागवण्यापूर्वी अर्धा तास सायकलजवळ बसावे. कॅलिपर फोर्कला, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याला, कसा बसवला आहे ते प्रथम पाहावे. दोन्ही बोल्ट सायकलच्या लांबीच्या दिशेने जात असतील आणि त्यांच्यातील अंतर सुमारे 74 मिलिमीटर असेल, तर ते पोस्ट माउंट असते. बोल्ट बाजूने आडवे शिरत असतील आणि अंतर 51 मिलिमीटर असेल, तर तो आयएस प्रकार असतो. मोठ्या डिस्कसाठी कॅलिपर बाहेर सरकवणारा अडॅप्टर यावरच ठरतो. त्यानंतर डिस्क हबला सहा बोल्टने बसवली आहे की मधल्या एका मोठ्या रिंगने, ते पाहावे. हब मोटारीवर बहुधा सहा बोल्ट असतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच माझ्याकडून सुटली होती. ब्रेक लिव्हरमधून तारेखेरीज आणखी एक बारीक वायर निघते का, हे तपासावे. ती मोटार बंद करणाऱ्या सेन्सरची वायर असते. लिव्हर थोडा जरी दाबला, तरी हा सेन्सर कंट्रोलरला, म्हणजे मोटार चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीला, संदेश देतो आणि मोटार थांबते. मी पहिल्यांदा घाईने साधे हायड्रॉलिक, म्हणजे तारेऐवजी नळीतल्या तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक मागवले आणि बसवले. चाचणी घेताना ध्यानात आले की ब्रेक दाबल्यावरही मोटार क्षणभर पुढे ओढत राहते, कारण पेडल थांबल्याचे पेडलच्या सेन्सरला उशिरा कळते. पेडल न मारता मोटार चालवणारा थ्रॉटल असलेल्या सायकलवर तर तो थ्रॉटल चुकून दाबलेला राहिला की मोटार आणि ब्रेक एकमेकांविरुद्ध झगडत बसतात. तो संच मी मित्राच्या साध्या सायकलला दिला आणि माझ्यासाठी सेन्सर असलेला संच घेतला. टेक्ट्रोसारख्या कंपन्या इलेक्ट्रिक सायकलींसाठी असे हायड्रॉलिक लिव्हर बनवतात. ते न मिळाल्यास साध्या लिव्हरवर चिकटवण्याचा, लोहचुंबकावर चालणारा वेगळा सेन्सर घेता येतो. जुन्या जोडणीतील पिनांची संख्या, प्लगचा रंग आणि आकार यांचा जवळून फोटो काढून ठेवावा आणि नव्या संचाशी ताडून पाहावा. पेडलपाशी मोटार आणि टॉर्क सेन्सर असलेल्या बॉश किंवा शिमानोसारख्या प्रणालींत पायाचा दाब थांबताच मोटार थांबते, म्हणून तिथे ब्रेकचा सेन्सर सहसा नसतो. मात्र वेग मोजण्याचे चुंबक काही सायकलींत डिस्कच्या रिंगवर असते. डिस्क बदलताना ते हरवू नये.

शेवटी मागच्या कॅलिपरची आतली बाजू आणि मोटारीचे कव्हर यांत किती फट आहे ते मोजावे. हायड्रॉलिक कॅलिपर आतल्या बाजूने अधिक फुगीर असतात आणि मोटारीच्या कव्हरवरील स्क्रूंची डोकी त्यांना घासू शकतात. फट तीन-चार मिलिमीटरच असेल, तर मोठी डिस्क घेतल्याने कॅलिपर केंद्रापासून दूर सरकतो आणि प्रश्न बहुधा सुटतो. तेवढ्याने न भागल्यास डिस्कखाली त्याच कामासाठी मिळणारा पातळ स्पेसर आणि त्याला साजेसे लांब बोल्ट वापरावेत.

आधी स्वस्तातले उपाय

तारेचे ब्रेक लगेच टाकून देण्याची गरज नसते. अशा बहुतेक कॅलिपरमध्ये बाहेरचे एकच पॅड हलते. ते डिस्कला ढकलून आतल्या स्थिर पॅडवर नेऊन टेकवते. स्थिर पॅड झिजले की डिस्कला अधिक वाकावे लागते आणि लिव्हरचा प्रवास वाढतो. घाटात माझा लिव्हर मुठीला टेकला, त्याचे एक कारण हेच होते. आतल्या बाजूचा समायोजनाचा स्क्रू फिरवून स्थिर पॅड डिस्कच्या इतके जवळ आणावे की मधून जेमतेम पातळ कागद जाईल, आणि मगच तारेचा ताण ठरवावा. गंजलेली तार आणि चेपलेली आउटर केबल दोन्ही बदलाव्यात. एवढ्याने सपाट रस्त्यावरचा ब्रेक नव्यासारखा होतो.

पॅडचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. रेझिनचे पॅड आवाज करत नाहीत आणि लगेच पकडतात, पण सततच्या उष्णतेत त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. धातूची पूड दाबून बनवलेले, म्हणजे सिंटर्ड पॅड उष्णता आणि चिखल चांगला सोसतात, थोडा आवाज करतात आणि डिस्क लवकर झिजवतात. घाटासाठी दुसरा प्रकार घ्यावा, परंतु डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरण्याची सूचना कोरलेली असेल, तर सिंटर्ड पॅड लावू नयेत. ती डिस्क मऊ पोलादाची असते आणि झपाट्याने खाल्ली जाते.

मोठी डिस्क

160 ऐवजी 180 मिलिमीटरची डिस्क घेतली, तर लिव्हरवरील त्याच दाबात ब्रेकची पकड सुमारे 12 टक्क्यांनी वाढते. 203 मिलिमीटरला ही वाढ 27 टक्क्यांच्या आसपास जाते. शिवाय धातू अधिक असल्याने उष्णता पसरायला जागा मिळते. ब्रेक लावताना वजन मुख्यतः पुढच्या चाकावर येते, म्हणून पैसे एकाच डिस्कपुरते असतील, तर ती पुढे लावावी. मात्र फोर्कच्या कंपनीने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. स्वस्त सस्पेन्शन फोर्कचे पाय 203 मिलिमीटरच्या डिस्कचा पीळ सोसण्यासाठी बनवलेले नसतात. मी पुढे आणि मागे 180 वर थांबलो आणि आजवर अधिकाची गरज भासली नाही.

जाडीही पाहावी. शिमानोची नवी डिस्क 1.8 मिलिमीटर जाड असते आणि 1.5 पर्यंत झिजली की बदलावी लागते. काही कंपन्या 2 मिलिमीटरच्या डिस्क बनवतात, त्या वजनदार सायकलींना अधिक शोभतात. बोल्टसाठी ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचा टी-25 टॉर्क्स पाना लागतो. ते क्रमाने न आवळता समोरासमोरच्या जोडीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. शिमानो यासाठी 2 ते 4 न्यूटन-मीटर सांगते, स्रॅमचा आकडा 6.2 आहे. आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल, तर लांब दांड्याचा पाना तरी वापरू नये, कारण मोटारीच्या ॲल्युमिनियम कव्हरमधील आटे एकदा गेले की दुरुस्ती फार महागात पडते.

हायड्रॉलिक ब्रेक बसवणे

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी काढून बाजूला ठेवावी. सेन्सरच्या वायरींशी खेळताना मोटार अचानक फिरली, तर बोटे डिस्कच्या खिडक्यांत सापडू शकतात.

आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. बाहेरच्या देशांसाठी तयार झालेल्या अनेक संचांत ही मांडणी उलटी असते आणि त्यामुळे उजव्या लिव्हरची नळी लांब, डाव्याची आखूड येते. मागवतानाच विक्रेत्याला हे विचारून घ्यावे. अन्यथा नळ्या काढून अदलाबदल करावी लागते आणि तेल भरण्याचे काम पहिल्याच दिवशी वाढते.

जुने लिव्हर, तार आणि कॅलिपर उतरवल्यावर नवे कॅलिपर अडॅप्टरसह सैलच लावावेत. लिव्हर हँडलवर अशा कोनात बसवावेत की उभ्याने उतरताना मनगट सरळ राहील. नळी फ्रेमवर धरून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे. ती ताणली जाऊ नये आणि लोंबून चाकातही जाऊ नये. जास्तीची नळी कापायची असल्यास धारदार कटरने काटकोनात कापावी आणि नवी पितळी कडी व आतली पिन वापरावी. जुनी दाबलेली कडी पुन्हा वापरली, तर तिथून तेल झिरपते. कापण्याचा आत्मविश्वास नसेल, तर थोडी लांब नळी तशीच झिपटायने बांधून ठेवली तरी काही बिघडत नाही.

कॅलिपर मध्यावर आणण्यासाठी बोल्ट सैल असताना लिव्हर घट्ट दाबून धरावा, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कला मिठी मारतात आणि कॅलिपर आपली जागा शोधतो. त्याच स्थितीत दोन्ही बोल्ट आलटून पालटून 6 ते 8 न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. चाक फिरवून फटीमागे पांढरा कागद धरला, तर दोन्ही बाजूंची उजेडाची रेघ सारखी आहे का ते स्पष्ट दिसते. एका बाजूला रेघ दिसत नसेल, तर बोल्ट किंचित सैल करून केसभर सरकवावे. चाक काढलेले असताना लिव्हर चुकूनही दाबू नये आणि पॅडमध्ये प्लॅस्टिकची पट्टी घालून ठेवावी. ही पट्टी संचाबरोबर येते आणि बहुतेक जण ती खोक्यासह फेकून देतात.

नळी कापली असेल किंवा लिव्हर स्पंजासारखा लागत असेल, तर आतली हवा काढावी लागते. त्याआधी ब्रेक कोणत्या तेलाचा आहे हे पाहणे अनिवार्य आहे. शिमानो, टेक्ट्रो आणि मगुरा यांचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात. होप आणि स्रॅमचे बरेचसे ब्रेक डॉट प्रकारच्या तेलावर चालतात, पण स्रॅमच्या काही नव्या ब्रेकना मिनरल ऑइलच लागते, म्हणून लिव्हरवर काय छापले आहे ते वाचावे. मोटारसायकलच्या दुकानात सहज मिळणारे डॉट तेल मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये गेले, तर आतली रबरी सील फुगतात आणि अख्खा ब्रेक निकामी होतो. उलट केले तरी तेच घडते. "सगळे ब्रेक ऑइल सारखेच असते" असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. मी ते ऐकण्याच्या बेतात होतो.

हवा काढताना पॅड बाहेर काढून त्यांच्या जागी ब्लॉक बसवावा, लिव्हर जमिनीला समांतर करावा आणि त्यावर छोटी वाटी लावावी. कॅलिपरच्या निपलला, म्हणजे तेल आत सोडण्याच्या तोटीला, तेल भरलेली सिरिंज जोडून तेल सावकाश खालून वर ढकलावे. हवा आपोआप वर जाते, तिला वाट करून देणे एवढेच आपले काम असते. वाटीत बुडबुडे येणे थांबले की निपल बंद करावे, नळीवर आणि कॅलिपरवर पान्याच्या दांड्याने हलके टिचक्या माराव्यात आणि लिव्हर थोडा थोडा दाबत राहिलेले बारीक बुडबुडे बाहेर येऊ द्यावेत. माझ्या मागच्या ब्रेकमधला शेवटचा बुडबुडा सायकल पुढून उंच टांगल्यावरच निघाला, कारण फ्रेमखालून जाणाऱ्या नळीला मध्येच एक चढ होता आणि हवा तिथे अडकून बसली होती.

पॅड परत बसवण्यापूर्वी कॅलिपर आणि डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसाव्यात. इथे आपल्याकडच्या एका सवयीविषयी सांगणे भाग आहे. चेन डिझेलने किंवा रॉकेलने धुण्याची पद्धत गावोगावी आहे. त्याचा एक तुषार जरी डिस्कवर उडाला, तरी पॅड तो शोषून घेतात आणि मग ब्रेक किंचाळतो, पण सायकल थांबत नाही. अशी पॅड पॉलिशपेपरवर घासून क्वचित वाचतात. बहुधा नवीच घ्यावी लागतात.

सेन्सरची वायर जोडताना प्लगवरील बाणाच्या खुणा समोरासमोर आणून सरळ ढकलावे. पिळून बसवल्यास आतल्या पिना वाकतात. नंतर बॅटरी लावून मागचे चाक जमिनीवरून उचलावे, सोबत्याला पेडल फिरवायला सांगावे आणि आपण लिव्हर हलकेच दाबावा. पॅड डिस्कला टेकण्याआधीच मोटार बंद झाली पाहिजे. दोन्ही लिव्हर वेगवेगळे तपासावेत.

नवे पॅड बसते करणे

नवे पॅड पहिल्या दिवशी जेमतेम पकडतात, म्हणून बसवल्या बसवल्या घाटात जाऊ नये. धुळ्यात मी हे काम नकाणे तलावाकडच्या रस्त्यावर पहाटे करतो. मध्यम वेग घ्यावा, एकच ब्रेक एकसारखा दाबत चालण्याच्या वेगापर्यंत यावे आणि पूर्ण थांबण्याआधी सोडावा. असे सुमारे वीस वेळा केल्यावर थोड्या अधिक वेगाने आणखी दहा वेळा करावे. नंतर दुसऱ्या ब्रेकसाठी तेच करावे. चाक जाम होऊ देऊ नये. यात पॅडच्या मसाल्याचा पातळ थर डिस्कवर एकसारखा बसतो आणि खरी पकड त्या थरामुळे येते.

इतर भाग

ब्रेक चांगले झाले की पुढची मर्यादा टायरची असते. तापी खोऱ्यातील काळ्या मातीत पावसाळ्यात कोणताही टायर दोनशे मीटरमध्ये चिखलाचा गोळा होतो, तिथे खरेदी करून काही साधत नाही. उन्हाळ्यातील मुरमाड वाटांसाठी मात्र 2.4 इंच रुंदीचा, कडेला ठळक गुट्ट्या असलेला टायर फार उपयोगी पडतो. बाभळीचा काटा आणि सराटे ही इथली कायमची डोकेदुखी आहे. ट्यूबलेस करून आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, घातल्यास बहुतेक काटे जागीच बुजतात, पण त्यासाठी रिम ट्यूबलेससाठी बनवलेली असली पाहिजे. जळगाव-भुसावळच्या 45 अंशांच्या उन्हात सीलंट लवकर आटते, म्हणून उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी झडप काढून काडीने पाहावे.

हब मोटारीच्या मागच्या चाकावर बहुधा आट्यांनी बसणारा सात गिअरचा फ्रीव्हील, म्हणजे दातेरी चक्रांचा गठ्ठा, असतो. त्याच्या जागी दहा-अकरा गिअरची कॅसेट, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या हबवर सरकवून बसणारा चक्रांचा गठ्ठा, बसत नाही. सर्वांत मोठे चक्र 34 दात्यांचे असलेला फ्रीव्हील मिळाल्यास तो घ्यावा, कारण हब मोटार फार हळू फिरली की तापते आणि हलक्या गिअरमुळे आपल्याला चढावर पाय चालू ठेवून वेग राखता येतो. चाक काढताना एक्सलमधून निघणारी मोटारीची वायर पिळू देऊ नये आणि नटाखालच्या, एक्सलला फिरू न देणाऱ्या वॉशर जशा होत्या तशाच परत लावाव्यात. पेडलपाशी मोटार असलेल्यांनी चेनवर लक्ष ठेवावे, कारण मोटारीची सगळी ताकद तिच्यातूनच जाते. मापकाने झीज तपासून वेळीच चेन बदलली, तर कॅसेट वाचते.

कंट्रोलरची वेगमर्यादा काढून टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार 250 वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी 25 किलोमीटरला मदत थांबवणाऱ्या पेडल-सहाय्य सायकलीला मोटार वाहन मानले जात नाही, आणि योग्य ब्रेक व परावर्तक असणे हीदेखील त्याच नियमातील अट आहे. मर्यादा काढल्यास नोंदणी आणि परवान्याचा प्रश्न उभा राहतो. शिवाय वेग दीडपट झाला की थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते आणि वर केलेला सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

पहिला घाट

पहिल्या मोठ्या उतारावर ब्रेक सतत घासत धरू नयेत. वळणाआधी जोर लावून वेग कमी करावा आणि मग पूर्ण सोडावा, म्हणजे मधल्या काळात डिस्क निवते. वास आला किंवा लिव्हर लांब जाऊ लागला, तर सावलीत दहा-पंधरा मिनिटे थांबावे. तापलेल्या डिस्कवर बाटलीतील पाणी ओतू नये, ती वाकडी होते. उन्हात तापलेली बॅटरी घरी पोहोचताच चार्जिंगला लावू नये, आधी तिला निवू द्यावे. खाली आल्यावर, डिस्क गार झाली की सगळे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत आणि पॅडचा मसाला किती उरला ते पाहावे. शिमानोच्या पॅडसाठी अर्धा मिलिमीटर ही अखेरची सीमा आहे, पण घाटात जायचे असेल, तर मी एक मिलिमीटर उरताच ते बदलतो. पॅडची एक राखीव जोडी कागदात गुंडाळून, चेनच्या तेलाच्या बाटलीपासून वेगळ्या कप्प्यात ठेवावी, कारण धडगावात पंक्चर काढून मिळेल, पण आपल्या कॅलिपरला बसणारे पॅड मिळेलच असे नाही.